मफलरचे क्रियापद

दिवाळीच्या सुटीला चार दिवस उरले की सातवीच्या वर्गाला शिकवणे म्हणजे गळक्या घागरीने आड उपसणे. पोरांचे मन फटाक्यांत आणि गुरुजींचे मन, खोटे कशाला सांगू, चकलीच्या वासात. अशाच एका दुपारी इंग्रजीच्या धड्यात 'मफल' हे क्रियापद आले. कापडाने किंवा तसल्याच मऊ वस्तूने आवाज दबवणे, बद्द करणे, असा अर्थ मी सांगितला आणि नेहमीचे फर्मान काढले : "वाक्यात उपयोग करा."

"गुरुजी, मफल म्हणजे मफलरमधलं का?" मागच्या बाकावरून प्रश्न आला. वर्ग खिदळला, पण प्रश्न बिनतोड होता. थंडीत आपण कानाभोवती गुंडाळतो तो मफलर याच क्रियापदाच्या घरातला. जुन्या फ्रेंच भाषेत 'मूफ्ल' म्हणजे जाड हातमोजा. त्यावरून इंग्रजीत गुंडाळण्याचा अर्थ आला, आणि गुंडाळले की आवाज दबतो म्हणून पुढे तोही अर्थ चिकटला.

दुसरा म्हणाला, "फटाक्यावर डबा ठेवला की आवाज मफल होतो." त्यावर तिसऱ्याने त्याला वेड्यात काढले, "अरे, उलट मोठा होतो!" एकच गलका झाला. एवढ्यात एक अबोल मुलगा उभा राहिला. "गुरुजी, माझी आई रात्री..." इतकेच तो बोलला. पोरे पुन्हा हसली. मी छडी टेबलावर आपटली आणि ओरडलो, "आवाज बंद! वाक्ये वहीत लिहा." तो मुलगा खाली बसला.

रात्री वह्या तपासायला घेतल्या. पण माझा जीव पडला इतिहासात. हे क्रियापद माणसांनी प्रत्यक्षात कधी आणि कसे चालवले, हे आठवत बसलो.

पहिली आठवली ती अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातली एक रात्र. 27 ऑगस्ट 1776 रोजी लाँग आयलंडच्या लढाईत इंग्रजांनी वॉशिंग्टनच्या फौजेचा पराभव केला. समोर विजयी शत्रू आणि पाठीशी मैलभर रुंदीची ईस्ट रिव्हर, अशा कात्रीत ती फौज ब्रुकलिनला सापडली. उजाडते तर सारे संपते. 29 ऑगस्टच्या रात्री मार्बलहेड गावचे कोळी आणि खलाशी वल्ह्यांवर बसले. वल्ह्यांना कापड गुंडाळले, गाड्यांच्या चाकांना चिंध्या बांधल्या. कोणी बोलायचे नाही, खोकायचेसुद्धा नाही, असा हुकूम सुटला. शत्रूला संशय येऊ नये म्हणून छावणीतल्या शेकोट्या तेवढ्या पेटत्या ठेवल्या. पहाटेपर्यंत काम पुरे झाले नव्हते. पण दाट धुके धावून आले. सुमारे 9,000 माणसे नदीपार गेली आणि स्वतः वॉशिंग्टन अगदी शेवटी नावेत चढला. एका राष्ट्राचे भवितव्य त्या रात्री जुन्या कापडाच्या घडीत सुखरूप राहिले, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती व्हायची नाही.

दुसरी गोष्ट शांततेच्या काळातली, आणि आम्हा मास्तर लोकांच्या विशेष जिव्हाळ्याची. 1895 साली अमेरिकेतल्याच हार्वर्ड विद्यापीठात एक नवे व्याख्यानगृह बांधले गेले, पण तिथे व्याख्यान ऐकूच येईना! उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राही. पहिला शब्द विरण्याआधी पुढचे दहा-बारा त्याच्यावर येऊन आदळत. वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाकडे हे दुखणे सोपवले गेले. त्याने जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या बैठकींच्या गाद्या उचलून आणल्या. गावाची वर्दळ थांबली की मध्यरात्री तो ऑर्गनची नळी वाजवी आणि तिचा नाद विरायला किती वेळ लागतो ते मोजी. जितक्या गाद्या अधिक, तितका घुमारा कमी. त्या गाद्यांतून ध्वनीचे एक शास्त्रच उभे राहिले, आणि 1900 साली उघडलेले बोस्टनचे सिंफनी हॉल त्याच्याच गणिताच्या आधारे बांधले गेले. आवाज मारला तो आवाज नीट ऐकू यावा म्हणून!

तिसरी गोष्ट मात्र आपल्या घरची, आणि कडू. 1878 साली लॉर्ड लिटनच्या सरकारने देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांसाठी कायदा केला. इंग्रजी पत्रे त्यातून मोकळी. दबवायचा तो फक्त आपल्या भाषांचा आवाज. कलकत्त्याच्या अमृत बझार पत्रिकेने बंगाली सोडून इंग्रजीचा अंगरखा चढवला आणि ती सुटली. इकडे पुण्यात, तो कायदा रद्द होण्यापूर्वीच, जानेवारी 1881 मध्ये 'केसरी' निघाला. काढणारे चिपळूणकर, टिळक, आगरकर, म्हणजे शाळामास्तरच. 1882 साली लॉर्ड रिपनच्या कारकिर्दीत कायदा गेला. फटाक्यावरच्या डब्याची गोष्ट पोरांना जितकी ठाऊक होती, तितकी लिटनसाहेबांना ठाऊक नसावी.

क्रियापद एकच, पण कर्ता कोण आणि कर्म कोणाचे, हे पाहिल्याशिवाय त्याची किंमत कळत नाही. कोळ्यांनी आपल्याच वल्ह्यांना कापड बांधले. लिटनने दुसऱ्याच्या तोंडाला बांधले. व्याकरणात दोन्ही वाक्ये बरोबरच.

एवढे सुचल्यावर स्वतःवरच खूश होऊन मी वह्या पुढे ओढल्या. पाचवी-सहावी वही त्या अबोल मुलाची निघाली. इंग्रजी मोडकेतोडके, काळ चुकलेला, पण अर्थ स्वच्छ होता. त्याची आई रात्री लोकांचे कपडे शिवते. आजोबा आजारी, खोली एकच. म्हणून ती शिलाईच्या यंत्राखाली गोधडीची घडी घालते आणि आवाज दबवते. आजोबांची झोप मोडू नये म्हणून.

हातातली लाल पेन्सिल तशीच राहिली. वॉशिंग्टन शोधायला मी एवढा लांब गेलो आणि माझ्याच वर्गात उभ्या राहिलेल्या वाक्याला "आवाज बंद" म्हणून बसता केला! लिटनसाहेबांवर मघाशी ओढलेले ताशेरे मला जरा जपून वाचावेसे वाटले.

मी चुकलेला काळ तेवढा दुरुस्त केला आणि खाली लिहिले, "उत्तम." पण शेरा वहीत राहतो, वर्गाने काही तो ऐकलेला नाही. सुटी संपून शाळा उघडली की पहिल्या तासाला त्याला पुढे बोलावणार आहे. ते वाक्य त्याने उभे राहून, मोठ्याने, सगळ्यांना वाचून दाखवायचे. तोवर माझी छडी कपाटात.