लवंगेचा बहिष्कार आणि झांझिबारचे हिंदी व्यापारी

विड्याला टोचलेली लवंग कोठून आली, असा विचार आपल्यापैकी फारच थोड्यांच्या मनात येत असेल. परंतु १९३७ साली मुंबईच्या बाजारात लवंग घ्यावी की घेऊ नये, हा एक राष्ट्रीय प्रश्न होऊन बसला होता. त्याचे मूळ होते आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यालगतच्या झांझिबार बेटात.

या बेटाशी आपल्या पश्चिम किनाऱ्याचे दळणवळण फार जुने. मोसमी वाऱ्याबरोबर कच्छ-काठेवाडची गलबते तिकडे जात आणि वारा फिरला की परतत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ओमानचा सुलतान सय्यद सैद याने आपली राजधानी मस्कतहून झांझिबारला नेली व लवंगेची लागवड वाढविली. त्याच्या जकातीचा मक्ता जयराम शिवजी या कच्छी भाटिया पेढीकडे पुष्कळ वर्षे होता. पुढे भाटिये, खोजे, बोहरे यांची वस्ती वाढली. बागा मुख्यतः अरबांच्या, भांडवल हिंदी पेढ्यांचे, आणि १८९७ पर्यंत कष्ट आफ्रिकी गुलामांचे, अशी तेथील व्यवस्था होती.

१८९० साली बेटावर ब्रिटिशांचे संरक्षण आले. १९३० नंतरच्या मंदीत लवंगेचा भाव कोसळला आणि बागाइतदार कर्जात बुडाले. तेव्हा १९३४ साली सरकारने कायदे केले. अरब वा आफ्रिकी मालकाची जमीन सरकारी संमतीवाचून परक्याच्या हाती जाऊ नये, असे एकाने ठरविले. दुसऱ्याने लवंग-उत्पादकांच्या संघास विशेष अधिकार दिले. हिंदुस्थान सरकारने चौकशीसाठी के. पी. एस. मेनन यांना पाठविले, व त्यांचा अहवाल या कायद्यांच्या विरुद्ध गेला. तरीही १९३७ च्या कायद्याने लवंगेची खरेदी व निर्यात त्या संघाच्याच मुठीत आली.

येथे इंडियन नॅशनल असोसिएशन या तेथील हिंदी लोकांच्या संस्थेची कसोटी लागली. एरवी एकमेकांशी चढाओढ करणाऱ्या व्यापाऱ्यांनी लवंगेचा व्यवहारच बंद केला. इकडे काँग्रेसने झांझिबारी लवंगेवर बहिष्कार पुकारला. मुंबईतील चळवळीची सूत्रे वल्लभभाई पटेल यांच्याकडे होती. हिंदुस्थान हे लवंगेचे मोठे गिऱ्हाईक. ते रुसले तेव्हा सरकारास नमते घ्यावे लागले. मे १९३८ मध्ये तडजोड झाली. निर्यात हिंदी व्यापाऱ्यांकडे राहिली, मात्र मालाचा काही भाग संघाकडून घेण्याचे बंधन त्यांनी पत्करले.

या विजयाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. वंशावरून व्यापाराचा हक्क हिरावला जात असता मूठभर लोकांनी एकजुटीने तो राखला. तथापि बागाइतदाराच्या कर्जाचे दुखणे या तडजोडीने बरे झाले नाही, आणि लवंगा खुडणाऱ्या आफ्रिकी मजुराचे म्हणणे या वादात कोणी फारसे विचारलेही नाही. डिसेंबर १९६३ मध्ये झांझिबार स्वतंत्र झाले आणि जानेवारी १९६४ मध्ये तेथे रक्तरंजित क्रांती झाली. प्रहार मुख्यतः अरबांवर झाला. परंतु पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या अनेक हिंदी कुटुंबांनाही बेट सोडावे लागले.

परदेशी व्यापाऱ्यांची संस्था आपल्या सभासदांचा हक्क सांभाळते, हे तिचे कर्तव्यच होय. परंतु ज्यांच्या पिकावर तिचा व्यापार चालतो, त्यांच्या सुखदुःखाचा हिशेबही तिच्या वहीत असावा लागतो. नाही तर जिंकलेला हक्क फार काळ टिकत नाही.