दुर्बोधतेचा इतिहास : ‘द प्रिझनर’ ह्या दूरचित्रवाणी नाट्यमालिकेचा एक विचार

एखादी कलाकृती दुर्बोध आहे असे टीकाकार म्हणतो, तेव्हा ते विधान कलाकृतीविषयी असते की टीकाकाराविषयी, हा साहित्यविचारातील जुना प्रश्न होय. मराठी नवकाव्याच्या निमित्ताने आपल्याकडेही त्याची पुष्कळ चर्चा झाली आहे. इतिहासाच्या अभ्यासकाने ह्या प्रश्नाला आणखी एक प्रश्न जोडावयास हवा : ती कलाकृती कोणाला, केव्हा आणि कोणत्या परिस्थितीत दुर्बोध वाटली? दुर्बोधता हा कलाकृतीचा अचल गुणधर्म नव्हे. तिलाही इतिहास असतो. ब्रिटनमध्ये १९६७-६८ साली प्रक्षेपित झालेल्या ‘द प्रिझनर’ ह्या नाट्यमालिकेच्या आधारे हा मुद्दा स्पष्ट करण्याचा प्रस्तुत निबंधात प्रयत्न केला आहे.

मालिकेचे कथासूत्र थोडक्यात असे. गुप्तहेर खात्यातील एक अधिकारी तडकाफडकी राजीनामा देतो. घरी परतताच त्याला विषारी वायूने बेशुद्ध करण्यात येते आणि तो शुद्धीवर येतो तो एका रमणीय परंतु अज्ञात वसाहतीत. तिला केवळ ‘गाव’ असे म्हणतात. तेथे कोणालाही नाव नाही. प्रत्येकाला क्रमांक आहे. नायकाचा क्रमांक सहा. गावाचा कारभार ‘क्रमांक दोन’ पाहतो. हा अधिकारी बहुधा प्रत्येक भागात बदलतो. त्याला नायकाकडून एकच गोष्ट हवी असते : राजीनाम्याचे कारण. नायकाला दोन गोष्टी हव्या असतात : सुटका, आणि ‘क्रमांक एक’ कोण ह्या प्रश्नाचे उत्तर. सतरा भाग हा झगडा चालतो. अखेरच्या ‘फॉल आउट’ ह्या भागात नायक क्रमांक एकच्या तोंडावरील मुखवटा ओढून काढतो. त्याखाली वानराचा मुखवटा निघतो, आणि तोही काढल्यावर दिसतो तो नायकाचाच चेहरा. पुढे तो लंडनला परततो. पण त्याच्या घराचे दार गावातील दारांप्रमाणेच आपोआप उघडते, आणि मालिका जेथे सुरू झाली त्याच दृश्यावर संपते.

१९६८ च्या फेब्रुवारीच्या आरंभी हा भाग दाखविला गेला, तेव्हा प्रेक्षकांत मोठा क्षोभ उसळला. आपली फसवणूक झाली, अशी तक्रार सर्वत्र ऐकू आली. मालिकेचा प्रमुख अभिनेता आणि ह्या भागाचा लेखक-दिग्दर्शक पॅट्रिक मॅकगूहन ह्याने पुढे १९७७ साली कॅनडातील एका मुलाखतीत ह्या क्षोभाचे वर्णन केले आहे. हा क्षोभ समजून घ्यावयाचा, तर प्रेक्षकांनी काय पाहिले ह्याआधी त्यांनी काय पाहण्याची अपेक्षा केली होती, हे पाहिले पाहिजे. मॅकगूहन हा १९६० पासून ‘डेंजर मॅन’ ह्या लोकप्रिय मालिकेत जॉन ड्रेक नावाच्या हेराची भूमिका करीत होता. हेरकथेचा एक अलिखित करार असतो : रहस्य कितीही गुंतागुंतीचे असले, तरी शेवटी त्याचा उलगडा होतो. तोच नट, तोच व्यवसाय, पाठलाग व मारामाऱ्याही त्याच. म्हणून प्रेक्षकांनी तोच करार गृहीत धरला. मालिकेने तो सोळा भाग पाळल्यासारखा दाखविला आणि सतराव्यात मोडला.

परंतु केवळ एवढ्यावर थांबणे योग्य होणार नाही. ह्या दुर्बोधतेचे तीन थर वेगळे करावयास हवेत. पहिला थर पाहण्याच्या परिस्थितीचा. त्या काळी प्रेक्षकाला मालिका आठवड्यातून एकदाच व तीही ठरलेल्या वेळी पाहावयास मिळे. चुकलेला भाग पुन्हा पाहण्याचे साधन सामान्य घरात नव्हते. दुसरे असे की, अमेरिकेतील विक्रीवर दृष्टी ठेवून ही मालिका रंगीत चित्रित झाली होती. तथापि ज्या आय. टी. व्ही. जाळ्यावर ती दाखविली गेली, त्यावर रंगीत प्रक्षेपण १९६९ च्या नोव्हेंबरात सुरू झाले. म्हणजे ब्रिटिश प्रेक्षकांनी ती प्रथम कृष्णधवल स्वरूपातच पाहिली. गावाची ही दृश्ये वेल्समधील पोर्टमेरियन येथे घेण्यात आली. क्लफ विल्यम्स-एलिस ह्या वास्तुशिल्पज्ञाने १९२५ पासून उभारलेली ही वसाहत इटालियन धाटणीच्या रंगीबेरंगी इमारतींसाठी प्रसिद्ध आहे. रंगीत छत्र्या, रंगीत पट्ट्यांचे पोशाख, उत्सवी वाद्ये आणि त्यांमागे तुरुंग, हा विरोध मालिकेच्या आशयाचा भाग आहे. पहिल्या प्रेक्षकाच्या वाट्याला त्यातील रंग आलेच नाहीत.

दुसरा थर निर्मितीच्या परिस्थितीचा. मॅकगूहनच्या मनात सातच भागांची योजना होती, असे त्याने उपरोक्त मुलाखतीत सांगितले आहे. निर्मितिसंस्थेचे प्रमुख ल्यू ग्रेड ह्यांना विक्रीसाठी त्याहून पुष्कळ अधिक भाग हवे होते. सतरा ही संख्या ह्या ओढाताणीतून आली. संहिता-संपादक जॉर्ज मार्कस्टाइन ह्याच्या दृष्टीने ही मुळात हेरकथाच होती. ‘फार काही माहीत असलेल्या’ व्यक्तींना दुसऱ्या महायुद्धात स्कॉटलंडमध्ये जेथे ठेवण्यात येई, त्या ठिकाणावरून कल्पना सुचल्याचे तो सांगे. मॅकगूहनला ती रूपककथा वाटत होती. मार्कस्टाइन मालिका पूर्ण होण्यापूर्वीच बाहेर पडला. उपान्त्य ‘वन्स अपॉन अ टाइम’ हा भाग वस्तुतः फार आधी चित्रित झालेला होता. एका भागात नायकाचे मन दुसऱ्याच्या शरीरात गेल्याचे दाखविले आहे; त्याचे साधे कारण असे की, त्या वेळी मॅकगूहन एका चित्रपटासाठी अमेरिकेत होता. शेवटचा भागही घाईने लिहिला गेला. जुन्या पोथीची पाने मागेपुढे झाली असता अर्थ लावण्यापूर्वी आपण पानांचा क्रम तपासतो. तीच सावधगिरी येथेही आवश्यक आहे. अडचणीतून जन्मलेल्या प्रत्येक विसंगतीला गूढ तत्त्वज्ञान मानणारा भक्त आणि तिच्यामुळे सारी कृतीच निरर्थक ठरविणारा टीकाकार, ह्या दोघांची चूक एकच आहे. दोघेही साधनांची चिकित्सा टाळतात.

हे दोन थर बाजूस सारल्यावर जो तिसरा उरतो, तोच कलाकृतीचा स्वतःचा होय. राजीनाम्याचे कारण मालिकेत कोठेही सांगितलेले नाही. हे विस्मरण नव्हे. ‘आम्हाला माहिती हवी आहे’ ही गावाच्या सत्ताधाऱ्यांची मागणी आहे. आणि कारण सांगा, क्रमांक एक कोण ते सांगा, अशी प्रेक्षकाचीही मागणी आहे. आठवड्यामागून आठवडा प्रेक्षक नकळत चौकशी करणाऱ्याच्या खुर्चीत बसतो. नायक जे उत्तर क्रमांक दोनला नाकारतो, तेच मालिका आपल्याला नाकारते. उत्तर दिले असते, तर माणसाच्या मनाचा एक कोपरा कोणाच्याही मालकीचा नसतो हा तिचा मूळ सिद्धान्तच तिने मोडला असता. ह्या अर्थी तिचा नकार ही तिची उणीव नसून तिची रचना आहे.

ह्या वाचनाला मालिकेतच पुरेसे आधार आहेत. ‘फ्री फॉर ऑल’ ह्या भागात नायक निवडणूक लढवितो व जिंकतो. पण विजयानंतरही सत्ता जेथल्या तेथेच राहते. ‘द जनरल’ हा भाग तर इतिहासाच्या विद्यार्थ्याने अवश्य पाहावा असा आहे. त्यात नेपोलियननंतरच्या युरोपचा इतिहास दूरचित्रवाणीच्या पडद्यावरून अवघ्या तीन मिनिटांत साऱ्या गावाच्या डोक्यात भरण्यात येतो. दुसऱ्या क्षणी प्रत्येकजण तीच उत्तरे त्याच शब्दांत म्हणू लागतो. हा चमत्कार घडविणाऱ्या यंत्राला नायक ‘का?’ एवढाच एक प्रश्न घालतो, आणि ते यंत्र नष्ट होते. शेवटच्या भागात हाच विचार अधिक कठोर होतो. व्यक्तीचा हक्क सिद्ध केल्याबद्दल सभेत नायकाचा गौरव होतो; तो बोलण्यास उभा राहून ‘मी’ हा शब्द उच्चारतो, तोच सारी सभा ‘मी, मी’ असा गजर करते आणि त्याचे भाषण त्यात बुडून जाते. बंडखोराचा आवाज बंद करण्याचे दोन मार्ग असतात, तुरुंग आणि जयजयकार. पहिला फसल्यावर गाव दुसरा वापरते. क्रमांक एकचा चेहरा नायकाचाच का, ह्याचे उत्तरही येथेच सूचित होते : बाहेरच्या सत्तेशी झगडणाऱ्याने स्वतःतील सत्तालोभ ओळखला नाही, तर त्याचा लढा अपुराच राहतो.

कालांतराने ह्या मालिकेची प्रतिष्ठा वाढली. १९७७ मध्ये तिच्या चाहत्यांची संघटना स्थापन झाली. १९८३-८४ मध्ये चॅनेल फोरने तिचे पुनःप्रक्षेपण केले. पुढे चित्रफिती घरोघर आल्या. पुन्हा पुन्हा पाहणाऱ्यांना आरंभीच्या संवादातही नवा अर्थ सापडू लागला. ‘क्रमांक एक कोण?’ ह्या नायकाच्या प्रश्नाला उत्तर म्हणून त्याला त्याचाच क्रमांक ऐकविला जातो. त्या इंग्रजी वाक्यात किंचित विराम कल्पिला, तर ‘तूच, क्रमांक सहा’ असाही अर्थ निघतो. एकदाच ऐकणाऱ्याच्या हे ध्यानात येणे कठीण होते. कलाकृती तीच राहिली. तिचा प्रेक्षक मात्र श्रोत्याचा वाचक झाला.

ह्यावरून पहिल्या टीकाकारांना मंदबुद्धी ठरविण्याचे कारण नाही. त्यांच्यापुढे होते ते एकदाच येऊन जाणारे, रंगहीन, अर्धवट अडचणीतून घडलेले एक दर्शन. त्यांचा गोंधळ हाही एक प्रामाणिक पुरावा आहे. ती मालिका कोणत्या संकेतांविरुद्ध उभी होती, हे त्यावरूनच कळते. ‘समजले नाही’ हा अभिप्राय इतिहासकाराने निकाल म्हणून स्वीकारू नये व हास्यास्पद म्हणून टाकूनही देऊ नये. त्याने तो दस्तऐवजाप्रमाणे वाचावा. परिस्थितीचा भाग परिस्थितीला द्यावा, अपघाताचा अपघाताला. आणि मग जे शिल्लक राहील, त्याच्यासमोर उत्तरे मिळविण्याची घाई न करता बसावे. ‘का?’ हा प्रश्न विचारण्याचा आपला अधिकार त्यामुळे कमी होत नाही. मात्र त्याचे उत्तर कोणी तीन मिनिटांत देऊ केले, तर सावध होण्याची सवय त्यामुळे लागते, आणि ती आपल्या विद्येला आवश्यक आहे.