वंशावळ : आधी हक्काची, मग आठवणीची

आपल्याकडे वंशावळ मांडली गेली ती पणजोबांच्या आठवणीने गळा दाटून आला म्हणून नव्हे. पाटीलकी, कुलकर्णीपण, इनाम यांवर भाऊबंदांत वाद पेटला की मूळ पुरुषापासून पिढ्या मोजून दाखवाव्या लागत. इंग्रजी अमलात इनाम कमिशनने, विशेषतः १८५२च्या कायद्यानंतर, इनामदारांकडे पुरावे मागितले, तेव्हा ही मोजदाद सरकारदरबारी आणखी वाढली.

पुण्यात अशा जुन्या कागदांचं मोठं ठिकाण म्हणजे पेशवे दफ्तर. तिथे सुमारे ३९ हजार रुमाल आहेत. रुमाल म्हणजे कागद बांधून ठेवलेलं कापडी गाठोडं. सोडलं की आत मोडी. आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि मग तिच्याखाली अक्षरं लटकवत जायचं. शब्दाशब्दांत जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा विधिनिषेध नाही. गो. स. सरदेसाईंनी १९३० ते १९३४ या काळात यातलं निवडक ४५ खंडांत छापलं, पण ते मुख्यतः राज्यकारभाराचं. साधा माणूस या कागदांत भेटतो तो बहुधा सारा भरताना, कर्ज काढताना नाहीतर भांडताना. सुखाने जगला त्याची नोंद कोण कशाला करील?

आठवणीसाठी वंशावळ हा प्रकार विसाव्या शतकातला. चित्पावन घराण्यांनी कुलवृत्तांत छापायला घेतले. गावोगावच्या कुटुंबांकडून माहिती मागवायची आणि शाखांप्रमाणे लावायची. त्यात न्यायाधीश येतात तसे भिक्षुकी करणारे, कारकुनीत जन्म घालवलेलेही येतात. माझ्या मते या ग्रंथांचं खरं मोल या दुसऱ्या मंडळींत आहे. कर्तबगार पुरुषांची चरित्रं कुठेही मिळतात. उणीव अर्थात उघड आहे. ज्यांच्याकडे छपाईला पैसा आणि लिहायला माणूस होता, त्यांचेच वृत्तांत झाले.

बाकीच्यांची पाळी अलीकडे आली, तीही पुन्हा हक्कापायीच. मराठा आरक्षणाच्या मागणीवरून २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींसाठी जुनी दप्तरं उघडली. मोडी वाचणाऱ्याला एकाएकी भाव आला. जन्ममृत्यूचा गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक, आणि शाळेचं जनरल रजिस्टर यांत अनेकांना पणजोबा पहिल्यांदाच कागदावर दिसले.

पणजी मात्र क्वचितच दिसते. वंशावळीच्या झाडाला फांद्या फक्त मुलग्यांच्या. कुलवृत्तांतात सुनेचं माहेर दिलेलं असतं, पण लग्नात नाव बदललेलं, त्यामुळे माग तिथेच तुटतो. तेव्हा रेकॉर्ड रूममध्ये अर्ज जरूर करा, पण त्याआधी घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईजवळ वही घेऊन बसा. तिच्या आईचं माहेरचं नाव विचारा आणि लिहून घ्या. कागद उद्याही मिळतील.