दिनविशेष : 23 मे
घोड्यावरचा नायक भोसरीचा खासदार

2019. शिरूर लोकसभा मतदारसंघाचा निकाल लागला आणि सलग तीनदा खासदार राहिलेल्या शिवाजीराव आढळराव पाटील यांना डॉ. अमोल कोल्हे यांनी हरवले. भोसरी याच मतदारसंघात येते.

कोल्हे मूळचे नारायणगावचे, शिक्षणाने एमबीबीएस. 2008 मध्ये स्टार प्रवाहवरील ‘राजा शिवछत्रपती’ने त्यांना घराघरांत नेले. झी मराठीवरील ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ 24 सप्टेंबर 2017 रोजी सुरू झाली आणि निकालाच्या दिवशीही चालूच होती. ती संपली 29 फेब्रुवारी 2020 रोजी. खासदारकी आणि रोजच्या मालिकेतला नायक ही दोन्ही कामे तेवढे महिने एकाच माणसाने केली, हे विलक्षणच.

पडद्यावरून राजकारणात येणे तसे नवे नाही. अमेरिकेत अभिनेते रोनाल्ड रीगन ‘डेथ व्हॅली डेज’ या वेस्टर्न मालिकेचे निवेदन करून 1966 मध्ये कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर म्हणून निवडून आले. आपल्याकडे काउबॉय नाही. घोडा, तलवार आणि सह्याद्री आहे.

आणि घोडेस्वारी कॅमेऱ्यापुरती नव्हती. डिसेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींना पुन्हा परवानगी दिली. फेब्रुवारी 2022 मध्ये खेड तालुक्यातील निमगाव दावडीच्या घाटात कोल्हे यांनी बारीपुढे घोडी धरली, म्हणजे धावत्या बैलगाड्यापुढे घोडी पळवली, आणि प्रचारात दिलेला तसा शब्द पाळला. मागून बैल उधळत येत असताना घोडी धरायला छाती लागते, हे भोसरीच्या गाडामालकांना वेगळे सांगायला नको.

2023 मध्ये ‘शिवपुत्र संभाजी’ महानाट्याच्या कराडच्या प्रयोगात घोड्यावर असतानाच त्यांच्या पाठीला दुखापत झाली. 2024 मध्ये शिरूरने त्यांना पुन्हा निवडून दिले.