नळ, भिंत आणि मधला सांधा

नळदुर्गाचा किल्ला पाहावयास गेलेला मनुष्य बुरूज, दरवाजे, तटबंदी हे सगळे भराभर पाहून घेतो आणि पाणीमहालाशी येऊन थांबतो. नळदुर्ग आणि रणमंडळ यांच्या मध्ये, बोरी नदीच्या पात्रात, काळ्या दगडाचा जो बंधारा आहे त्याच्या पोटातच हा महाल आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकीर्दीत, १६१३ साली, मीर मुहम्मद इमादीन याने तो बांधला. पावसाळ्यात बंधारा भरला की ‘नर’ आणि ‘मादी’ या नावांनी लोक ज्यांना ओळखतात त्या दोन सांडव्यांतून पाणी खाली उडी घेते. महालाच्या कमानीत उभे राहावे, तर समोर पाण्याचा पडदा कोसळत असतो, पाठीमागे भिंतीपलीकडे नदी तुंबलेली असते, आणि पाहणारा मात्र कोरडा!

(नळदुर्ग या नावाचा पाण्याच्या नळाशी संबंध जोडण्याचा मोह श्रोत्यांना होईल; तो आवरावा. लोक सांगतात ती कथा नळराजाची आहे.)

हा किल्ला पुष्कळांनी वाखाणला. १८५३ साली निजामाकडून हा मुलूख इंग्रजांकडे गेला तेव्हा येथे अंमलदार म्हणून आलेला मेडोज टेलर याने आपल्या आत्मचरित्रात त्याचे वर्णन केले आहे. ते पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १८७७ साली छापले गेले. पण वाखाणणारे बहुधा पडणाऱ्या पाण्याकडे पाहतात. मला आज आपले लक्ष न पडणाऱ्या पाण्याकडे वेधावयाचे आहे. भिंत अडवते आणि वाट पाणी सोडते. या दोन विरुद्ध कामांची जेथे गाठ पडते, तेथे पाणी ना भिंतीचे ऐकते ना वाटेचे. ते दोघांच्या मधली फट शोधते. नळदुर्गाच्या कारागिराने ती फट राहू दिली नाही. आपल्या गावांत आज गटाराच्या चेंबरांची आणि सेप्टिक टाक्यांची जी बांधकामे होतात त्यांत बहुतेक वेळा ती राहते. विषय घाणेरडा आहे, व्याख्यानमालेला शोभणारा नाही, असे कोणी म्हणेल. परंतु आपल्या विहिरीचे पाणी त्यावर अवलंबून आहे.

नळदुर्गच्या सांडव्यांत, माझ्या समजुतीप्रमाणे, खरी युक्ती अशी की पाणी भिंतीतून दाबाखाली नेलेलेच नाही. ते माथ्याजवळच्या उघड्या वाटेने येते आणि भिंतीपासून दूर फेकले जाते. तुळजापूरला गोमुख तीर्थावर आपण स्नान करतो तेथेही तत्त्व हेच. गोमुख म्हणजे भिंतीतून बाहेर काढलेला नळच. पण त्याचे तोंड भिंतीच्या पुढे आलेले असते, त्यामुळे धार भिंतीला चाटत नाही. तोंड जर भिंतीशी सपाट ठेवले असते तर थोडे पाणी मागे वळून सांध्यात शिरले असते. चहाच्या किटलीची चोच आखूड असली म्हणजे चहा किटलीच्या पोटावरून ओघळतो, हा अनुभव घरोघरी आहे.

याच्याही मागे जावयाचे तर आपल्या जिल्ह्यात तेर आहे. ग्रीक व्यापाऱ्यांच्या ‘पेरिप्लस’मध्ये जे ‘तगर’ येते ते हेच. सातवाहनकालीन वस्त्यांच्या उत्खननांत भाजलेल्या मातीची कडी एकावर एक रचून केलेले खड्डे मिळतात. त्यांतले कित्येक सांडपाणी मुरविण्यासाठी होते. येथे सांधा बंद करण्याचा प्रश्नच नाही. तो खड्डा गळावा म्हणूनच खणलेला. आजच्या भाषेत तो शोषखड्डा. हा भेद ध्यानात ठेवण्याजोगा आहे, कारण आपल्याकडे पुष्कळ घोटाळा येथेच होतो. शोषखड्ड्याने पाझरावे, टाकीने आणि चेंबरने पाझरू नये. शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून निदान १८ मीटर दूर असावा असे भारतीय मानक सांगते. घरमालक ते अंतर मोजून खड्डा दूर नेतो, आणि टाकी मात्र विहिरीजवळ बांधतो, कारण टाकी ‘पक्की’ आहे! तिच्या भिंतीतून नळ जेथे बाहेर पडतो तेथे ती किती पक्की आहे हे कोणी पाहत नाही.

रोमन लोकांनी ही अडचण ओळखली होती. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात विट्रुव्हियस नावाच्या वास्तुकाराने लॅटिन भाषेत जो ग्रंथ लिहिला त्याच्या आठव्या भागात मातीच्या नळांविषयी सूचना आहेत. नळाचे एक टोक दुसऱ्यात बसेल असे निमुळते करावे, आणि सांध्यास तेलात मळलेला कळीचा चुना लावावा. जेथे नळ उतारावरून उतरून आडवा वळतो तेथे पाण्याचा जोर सांधा फोडतो. म्हणून त्या वळणावर तांबड्या दगडाचा ठोकळा घ्यावा, त्याला भोक पाडावे आणि दोन्हीकडचे नळ त्या दगडात बसवावेत. दगडी भिंतीत नळ बसविण्याचाच हा प्रकार. पुढची सूचना तर फारच शहाणपणाची आहे. पहिल्यांदा पाणी सोडताना त्यात राख मिसळावी, म्हणजे जेथे चुना नीट बसला नसेल तेथे राख जाऊन फट बुजेल. आपल्याकडे गळक्या घागरीला राखेने बुजविणाऱ्या बायकांना हे निराळे सांगावयास नको.

दख्खनमध्ये मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी औरंगाबादेस, म्हणजे तेव्हाच्या खडकीस, नहर आणली. पुढे त्या शहरात अशा आणखी नहरी झाल्या. विजापुरास आदिलशहांनी आणि पुण्यास कात्रजहून नानासाहेब पेशव्यांनी पाणी आणले ते याच परंपरेत. मातीचे खापरी नळ, त्यांच्याभोवती चुन्याचे जाड बांधकाम, आणि ठराविक अंतरावर उभे मनोरे. औरंगाबादेस त्यांना बंबे म्हणतात. बंब्यात पाणी वर चढते, हवा निघून जाते, जोर मोडतो, मग ते पुढच्या नळात उतरते. म्हणजे नळ भिंतीत शिरतो त्या ठिकाणी पाण्याचा धक्का कमी झालेला असतो. सांधा बळकट करण्याचा एक मार्ग त्याचे काम हलके करणे हा आहे, हे त्या कारागिरांना ठाऊक होते.

दुसरी गोष्ट चुन्याची. घाणीत दिवसदिवस मळलेला, गूळ, हिरडा, बेलफळ घालून मुरविलेला चुना सिमेंटाहून मऊ. पण तो मऊपणाच त्याचा गुण. जमीन थोडी बसली तर तो तडकण्याआधी थोडा वाकतो. आणि बारीक तडा गेलाच तर पाझरणाऱ्या पाण्यात चुना विरघळून त्या तड्यातच पुन्हा बसतो व तो बुजवितो. शिवाय खापर, वीट आणि चुना हे एकमेकांना धरणारे पदार्थ. खापराच्या खरखरीत अंगात चुना शिरतो. नळ, सांधा आणि भिंत ही जणू एकाच घरातली माणसे.

सांधा सुटला म्हणजे काय होते याचा सर्वांत भयंकर धडा जगाने लंडनमध्ये घेतला. १८५४ च्या ऑगस्टअखेर त्या शहरातील सोहो भागात ब्रॉड स्ट्रीटवर पटकी उसळली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. डॉ. जॉन स्नो याने मृत्यूंची घरे नकाशावर मांडून दाखविले की रोगाचे मूळ रस्त्यावरच्या पाण्याच्या पंपात आहे, आणि ८ सप्टेंबरला त्या पंपाचा दांडा काढण्यात आला. गोष्ट बहुतेक येथेच संपवितात. पण खरी आपल्या कामाची गोष्ट पुढे आहे. पंपाखालची विहीर आतून तपासली तेव्हा तिच्यात काही दोष दिसला नाही. त्यामुळे स्नोचे म्हणणे पुष्कळांना पटेना. तेथला धर्मोपदेशक हेन्री व्हाइटहेड हाही प्रथम न पटणाऱ्यांतलाच. त्याने घरोघर हिंडून चौकशी केली, आणि ४० क्रमांकाच्या घरातले एक तान्हे मूल साथीच्या आधी आजारी पडले होते व त्याचे लंगोट धुतलेले पाणी आई घरापुढच्या मैलाकुंडीत ओतत होती, असे त्याला आढळले. १८५५ च्या वसंतात तेथे बाहेरून खणले. कुंडीच्या विटांचा चुना इतका कुजलेला होता की विटा हाताने उचलता येत. कुंडीला मिळणाऱ्या मोरीचीही तीच दशा. आणि कुंडी व विहीर यांच्यातले अंतर होते २ फूट ८ इंच.

विहीर आतून निर्दोष दिसत होती, एवढेच येथे पुन्हा सांगतो. पाझर आतून दिसत नाही.

लंडनमधला हा सगळा प्रकार घडत होता तेव्हा पोर्टलंड सिमेंटाला तीस वर्षे झाली होती. जोसेफ ॲस्पडिनचे पेटंट १८२४ चे. पुढे सिमेंट आपल्याकडेही आले आणि विसाव्या शतकात त्याने चुन्याला हुसकावले. शेजारच्या सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९२६ साली इंडियन ह्यूम पाइप कंपनी काढली, आणि ‘ह्यूमपाईप’ हा शब्द आपल्या खेड्यांतल्या मोऱ्यांपर्यंत पोचला. तोवर फारसे बिघडले नव्हते, कारण सिमेंटचा नळ सिमेंटच्या भिंतीला धरतो. बिडाच्या नळाला ताग ठोकून वर शिसे ओतण्याची रीत होती; तीही टिकाऊ. खरी पंचाईत झाली ती पीव्हीसीचा नळ आल्यावर. नळ उत्तम, हलका, स्वस्त, न गंजणारा; पण अंग काचेसारखे गुळगुळीत. सिमेंटला तो धरू देत नाही.

आता आपल्या गावात काम कसे होते ते पाहा. चेंबर आधी बांधून होतो. नळ नंतर येतो. मग मिस्त्री छिन्नी-हातोडा घेऊन भिंतीला भोक पाडतो, ते हवे त्याहून दुप्पट होते, कडेचे काँक्रीट खिळखिळे होते. नळ आत सारतो, भोवती माल कोंबतो, वरून थापीने सफाईने गिलावा करतो. दिसावयास काम सुरेख. पण माल वाळताना आकसतो, आणि नळाला तो चिकटलेला नसतोच. नळ बसविला तेव्हा वैशाखाच्या उन्हात तापून फुगलेला होता. पुरल्यावर तो निवतो आणि आकसतो. दोघेही एकमेकांपासून दूर सरकतात. केसाएवढी फट नळाभोवती गोल फिरते, आणि दोन पावसाळ्यांत तिची वाट होते.

त्यात आपली जमीन. बालाघाटच्या माथ्यावर मुरूम आणि खडक आहे, तेथे बांधकाम फारसे हलत नाही. पण नदीकाठच्या काळ्या रानात उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा पडतात आणि पावसाळ्यात तीच जमीन फुगते. चेंबर जड, त्याची बैठक वेगळी. नळ हलका, चरीतल्या भुसभुशीत भरावावर टेकलेला. दोघे सारखे उठत-बसत नाहीत, आणि सगळा ताण भिंतीच्या तोंडाशी येतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीजवळ धरणीकंप झाला, त्याने आजच्या लोहारा व उमरगा तालुक्यांतली गावे पाडली. त्या आपत्तीत नळाच्या सांध्याचा विचार कोण करणार. पण ज्या भूमीचा असा अनुभव आहे तेथे ताठ सांधा हा सुज्ञपणा नव्हे.

यावर उपाय आहेत आणि ते महाग नाहीत. भोक ठोकून पाडण्याऐवजी काँक्रीट ओतण्यापूर्वीच नळाचा तुकडा साच्यात बसवावा, आणि भिंतीच्या मध्यावर येईल असे कडे, ज्याला कारागीर पडल कॉलर म्हणतात, त्याभोवती घालावे. नळाच्या अंगाने सरकणारे पाणी त्या कड्यापाशी अडते. पीव्हीसीच्या ज्या भागावर सिमेंट यावयाचे तेथे त्याच नळाचे चिकटद्रव्य फासून ते ओले असतानाच कोरडी वाळू शिंपडावी. म्हणजे खापराचा खरखरीतपणा नळाला परत मिळतो. भोक पाडणे भाग असेल तर कडा स्वच्छ कराव्यात, ओल्या कराव्यात, आणि न आकसणारा माल भरावा. आणि भिंतीच्या बाहेर हाताभर अंतरावर एक सांधा रबरी कड्याचा ठेवावा. जमीन हलली तर नळ तेथे बिजागरीसारखा वळतो, भिंतीत मोडत नाही.

काम झाल्यावर चेंबरची तोंडे बुजवून पाणी भरावे, भिंत प्यायची तेवढे पाणी पिऊ द्यावे, मग खूण करून दुसऱ्या दिवशी पातळी पाहावी. यावर आक्षेप ठरलेला आहे: उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावात गटारात पाणी ओतावयाचे? आक्षेप रास्त आहे. पण तीन फूट लांब-रुंद आणि तितक्याच खोल चेंबरला चार पिंपे पाणी पुरते, आणि गटाराला उतार असतोच. वरच्या चेंबरची परीक्षा झाली की तेच पाणी खालच्यात सोडावे, तेथून त्याच्या खालच्यात. चार पिंपांत सबंध आळीची परीक्षा होते, आणि शेवटच्या चेंबरातून ते पाणी उपसून एखाद्या लिंबाच्या बुंध्याशी ओतता येते.