अध्यक्ष कसा निवडायचा, हे कोणी ठरवायचं?

२८ ऑक्टोबर १९६२. फ्रान्सच्या मतदारांपुढे एकच प्रश्न होता: राष्ट्राध्यक्ष जनतेने थेट निवडावा का? १९५८ साली शार्ल द गोल यांना सुमारे ८० हजार जणांच्या मतदारमंडळाने निवडलं होतं. ऑगस्ट १९६२मध्ये त्यांच्या मोटारीवर गोळीबार झाला, ते थोडक्यात वाचले. आपल्यानंतर येणाऱ्याच्या पाठीशी थेट जनतेची मतं हवीत, असं त्यांचं म्हणणं. संसदेला वगळून ते लोकांकडे निघाले, तेव्हा संसदेने चिडून पाँपिदू सरकार पाडलं. तरी सार्वमतात ६२ टक्के लोक 'हो' म्हणाले.

हे वाचताना मला माझं पिंपळनेर आठवलं. पांझरेकाठचं आमचं गाव आधी ग्रामपंचायत होतं, आता नगरपरिषद आहे. म्हणजे सरपंच आणि नगराध्यक्ष, दोन्हींचे नियम आमच्या वाट्याला आलेले.

आणि ते नियम टिकतात किती? २०१६मध्ये नगराध्यक्ष आणि २०१७मध्ये सरपंच थेट जनतेतून निवडायचं ठरलं. नवं सरकार आलं, २०२०मध्ये ते रद्द झालं. २०२२मध्ये पुन्हा सत्ता बदलली, थेट निवड परत आली. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. इतक्या वेळा अ‍ॅप बदललं तर वापरणारे निदान एक स्टार तरी देतात!

दोन्ही पद्धतींत खोट आहे. सदस्यांनी निवडायचं तर फोडाफोडी होते, सदस्य 'सहलीला' जातात. थेट निवडायचं तर सरपंच एका गटाचा आणि बहुमत दुसऱ्याचं; मग ठराव अडकतात. म्हणूनच हा निर्णय मुंबईत परस्पर व्हावा, असा नाही.

गंमत म्हणजे गावाला विचारायची सोय कायद्यात आहे. २०१७च्या दुरुस्तीनुसार, थेट निवडलेल्या सरपंचावर सदस्यांनी अविश्वास ठराव मंजूर केला, तरी ग्रामसभेने गुप्त मतदानाने तो मान्य करावा लागतो. हे छोटं सार्वमतच. सरपंच हटवायचा तर गावाला विचारतात, सरपंच निवडायची रीत बदलायची तर नाही.

१९६९मध्ये द गोल यांनी वेगळ्या प्रश्नावर पुन्हा कौल मागितला. लोक 'नाही' म्हणाले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी पद सोडलं. लोकांना विचारायचं तर 'नाही' ऐकायचीही तयारी लागते. आपल्याकडे त्या तयारीची वेळच कोणी येऊ दिलेली नाही.