चिंताशामक औषधे : रुग्णपरिचर्या
अल्प्राझोलाम, लोराझेपाम, डायझेपाम अशा बेंझोडायझेपिन गटातील औषधांवर असलेल्या रुग्णाची शुश्रूषा. या गटातील पहिले औषध १९६० मध्ये बाजारात आले. गुंगी, तोल जाणे, विसराळूपणा हे त्रास वृद्धांत अधिक; म्हणून रात्री लघवीला उठणाऱ्या आजींना आधी खाटेच्या कडेला दोन मिनिटे बसवावे, मगच हात धरून चालवावे. शिरेतून इंजेक्शन दिल्यावर श्वास मोजत राहावा. सोबत दारू असेल तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, म्हणजे ‘सीपीआर’मध्ये, दूरच्या तालुक्यांतून रुग्ण येतात. अशांना घरी सोडताना ‘बरं वाटलं म्हणून गोळी एकदम बंद करू नका’ हे नातेवाइकांसमोर सांगणे सर्वांत मोलाचे. दीर्घकाळ घेतलेली गोळी अचानक थांबवल्यास आकडी येऊ शकते. मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू उतरवतात.